कानामागचा तीळ

गेल्याच्या गेल्या शनिवारी संध्याकाळी मावशीकडे पडवीत चहा घेत बसलो होतो आणि लेक आली, म्हणाली आई बघ ना, कानामागे काहीतरी खरखरीत लागतंय, तीळ आलाय का गं. आता तेरा वर्षांच्या पोरीला सकाळी नसलेला तीळ संध्याकाळी कुठून येणार. केस बाजूला करून बघितलं तर तिळाएवढंच, तपकिरी, चपटं, आणि नखाच्या टोकानं जरा ढकललं तर त्याला पाय! बारीक बारीक, हलणारे.

गोचीड.

मावशीचं घर गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईहून आत गेलं की. बाग काजूची, फार मोठी नाही पण मार्च-एप्रिलमधे सगळ्यांना कामाला लावेल एवढी. दरवर्षी एक-दोन शनिवार-रविवार आम्ही म्हापशाहून जातो, मदत म्हणायची, खरं तर मिरवायला जातो. बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायचे, बिया पिळून वेगळ्या काढायच्या, दुपारी सुंगटाचं हुमण हाणायचं आणि संध्याकाळी गावात शिगम्याचे ढोल वाजायला लागले की तिकडे पळायचं. पोरांना टोकाला खिळा मारलेली काठी घेऊन पडलेले बोंडू टोचत फिरायला भारी आवडतं. पण बोंडू पडतात पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांच्या थरात, लेक शॉर्ट्स घालून त्या पातेऱ्यात गुडघे टेकून बसते, आणि गोचीड नेमकी तिथेच दबा धरून असते. मी सकाळी तिला फुल पॅन्ट घाल म्हटलं होतं हे इथे नोंदवून ठेवते, कारण घरात कोणी मान्य करत नाही.

तर पुढची दहा मिनिटं जी जत्रा झाली ती सांगायलाच हवी. मावशी उठली, "रांव मगो, चुनो हाडटां" (थांब गं, चुना आणते) म्हणत पानाच्या डब्याकडे गेली. काकांचं मत, विडी पेटवून लांबून चटका द्यायचा, आपोआप सुटते, बैलांच्या कितीतरी काढल्यात अशा. वहिनी व्हॅसलीन घेऊन आली, म्हणजे तिचा श्वास कोंडतो म्हणे. घासलेटाचं नाव कोणीतरी काढलंच. आणि दादाचा, म्हणजे मावसभावाचा, मुलगा, वय सोळा, मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून, आत्या हे बघ, साबणाच्या कापसानं गोल गोल फिरवलं की येते, रीलमधे दाखवलंय. पाच माणसं, पाच उपाय, आणि माझी पोरगी मधे रडवेली होऊन, आई माझ्या कानात जाईल का ती.

सगळ्यांना मी जवळजवळ ओरडूनच थांबवलं. मावशीला राग आला असणार, पण मला ओरडण्याचा हक्क होता, कारण गेल्या वर्षी इथून घरी गेल्यावर मी स्वतः माती खाल्ली होती.

गेल्या वर्षी मला चिकटली होती कमरेला, सलवारीच्या नाडीच्या बरोब्बर खाली. घरी परत येऊन दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना हाताला लागली. मी शहाणी, चिमटीत धरली, दोन्ही नखांत, आणि पिळून ओढली. आली! इतका आनंद झाला. मग बघते तर हातात नुसतं पोट, आणि कातडीत काळा ठिपका तसाच. तोंड आत राहिलं. इथे सोडून द्यायचं तर नाही, मी सुई गॅसवर तापवून खोदत बसले, काटा काढतात तसं. अर्धा तास. ठिपका निघाला की नाही देव जाणे, पण दोन दिवसांनी तिथे बोराएवढं गळू आलं, नाडी लागली की जीव जायचा, आठवडाभर अँटीबायोटिक. डॉक्टर म्हणाल्या, गोचिडीनं काही केलं नाही हो, हे सगळं तुमच्या सुईनं केलंय. तोंडाचा तुकडा राहिला तर चिमट्यानं सहज येत असेल तर घ्यायचा, नाहीतर सोडून द्यायचा, कातडी आपली आपण त्याला बाहेर टाकते, कुसळ टाकते तसं. हे आधी माहीत असतं तर.

त्यानंतर मी वाचायला लागले. आणि वाचल्यावर कळलं की आपले सगळे घरगुती उपाय एकाच चुकीच्या समजुतीवर उभे आहेत, की गोचिडीला त्रास दिला की ती सोडून जाईल. मला वाटतं हे जळवेवरून आलंय. पावसात जळू लागली की मीठ टाकलं, चुना लावला, तंबाखूचं पाणी टाकलं की ती गळून पडते, आपण लहानपणापासून बघितलंय. (मीठ टाकून जळू काढणंही तसं बरं नाही म्हणतात पण तो वेगळा विषय.) तर जळवेला जे लागू ते गोचिडीला लागू असं आपण धरून चाललो. पण जळू ही नुसती तोंडानं चोखून धरून बसलेली असते. गोचिडीचं तसं नाही. तिच्या तोंडाला मधे एक सोंडेसारखा भाग असतो आणि त्याला उलटे काटे, गळाला असतात तसे, म्हणजे आत जाताना सरळ जातात आणि बाहेर येताना अडकतात. वर बऱ्याच जातींच्या गोचिडी आपल्या लाळेतून एक चिकट पदार्थ सोडतात, तो तोंडाभोवती सिमेंटसारखा घट्ट होतो. म्हणजे बाईसाहेबांनी पाया घालून, प्लॅस्टर करून घर बांधलंय. पुढचे काही दिवस रक्त पिऊन फुगायचं आणि मगच उतरायचं हा तिचा बेत. आता अशीला विडीचा चटका दिला तर ती पटकन निघून कशी जाणार? मनात असलं तरी जमणार नाही.

मग काय होतं? ती चवताळते, पोटातलं आणि लाळ आपल्या अंगात ओकते. आणि रोग जे असतात ते त्या लाळेतच किंवा पोटातच असतात. व्हॅसलीननं श्वास कोंडतो हे खरं असेलही, पण गोचीड श्वास इतका क्वचित घेते की तास न् तास तशीच बसून राहते, म्हणजे आपण तिला जेवायला आणखी वेळ देतो. नेलपॉलिश, घासलेट, चुना, स्पिरिट ओतणं, सगळ्याची तीच गत. चटक्यानं तर पोरीचा कान भाजला असता ते वेगळंच.

चावताना कळत का नाही, तर तिच्या लाळेत बधिर करणारं औषध असतं आणि रक्त गोठू न देणारंही. मच्छर चावला तर आपण फटका मारतो, ही बया दोन-तीन दिवस राहून जाते आणि आपल्याला पत्ता नाही.

तर काढायचं कसं. एका ओळीत सांगता येतं, बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीला अगदी टेकून धरायचं आणि सरळ वर, हळूहळू, एकसारखं ओढायचं. एवढंच. पण यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे, आणि मला तो एका वेगळ्याच माणसाकडून कळला, तो म्हणजे माझे बाबा.

बाबांचं म्हापशाच्या बाजारात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, काचेचं टेबल आणि एक स्टूल. मोबाईल आल्यावर घड्याळं कमी झाली, मग डोळेही थकले, बंद केलं. पण हत्यारं घरी एका बिस्किटाच्या डब्यात आहेत, तेल लावून, कापडात गुंडाळून. गेल्या वर्षीच्या गळवाची गोष्ट त्यांना सांगितली तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, कुठल्या चिमट्यानं काढलीस? नखांनी म्हटल्यावर असं बघितलं माझ्याकडे की जणू मी हातोडीनं घड्याळ उघडलं. मग डबा काढला आणि ५ नंबरचा चिमटा हातात दिला, टोकं सुईसारखी. भुवयांचा चिमटा टोकाला बोथट आणि रुंद असतो, म्हणाले, त्यानं तू पोट दाबणार, मान नाही धरणार. तो तिरक्या टोकाचा असतो ना ब्यूटी पार्लरवाला, तो मोठ्या फुगलेल्या गोचिडीला कदाचित चालेल, पण तिळाएवढीला नाही.

आणि दुसरं सांगितलं ते मी विसरणार नाही. चिमटा दाबायचा नसतो गो, मिटायचा असतो. बारीक चिमटा जोरात दाबला की टोकं पुढून उघडतात नाहीतर एकमेकांवर चढतात, आणि धरलेला स्क्रू टुणकन उडून कुठेतरी जातो. हलके मिटला की टोकं पूर्ण जुळतात. हे गोचिडीला शंभर टक्के लागू. जोरात दाबलं की तिचं पोट फुटतं किंवा मान तुटते, म्हणजे पुन्हा सुई आणि गळू.

तो चिमटा आणि बाबांचं डोळ्याला लावायचं भिंग, दोन्ही या वेळी माझ्या पर्समधे होतं. नवरा हसला होता निघताना. असो.

लेकीला पडवीच्या पायरीवर बसवलं, उजेडाकडे तोंड करून, डोकं माझ्या मांडीवर. वहिनीनं केस धरले. चिमटा स्पिरिटनं पुसला. भिंग लावलं आणि मग सगळं वेगळंच दिसायला लागलं. करडी पाठ, त्यावर खवल्यासारखी चमक, मागे चार-चार अशा आठ पायांच्या जोड्या नव्हे, चुकले, एकूण आठ पाय, दोन्ही बाजूंना चार, आणि पुढचे दोन पाय हवेत चाचपडल्यासारखे. (या पुढच्या पायांवर वास ओळखायचं इंद्रिय असतं, आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांना त्यावरून कळतो. गोचीड कीटकही नाही, कोळी आणि विंचवाच्या खानदानातली.) डोकं म्हणावं असं काही नाही, पुढे निमुळतं होत कातडीत घुसलेलं. भोवती कातडी जरा लालसर. मावशी मागून विचारत होती, दिसली काय, दिसली काय.

चिमटा वरून नाही, बाजूनं आडवा नेला, कातडीवर घसरत, टोकं तिच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना येतील असा, पोटाला अजिबात न लागता. मिटला. आणि वर. झटका नाही, पिळ नाही. पहिल्यांदा काहीच होत नाही हो! हे कोणी सांगत नाही. कातडी चिमट्याबरोबर वर येते, तंबूसारखी, छोटीशी, आणि तशीच ताणलेली राहते, आणि तुम्हाला वाटतं आता तुटणार, आणि हाताला घाई सुटते. इथेच सगळे चुकतात. तो ताण तसाच धरून ठेवायचा. मी मनात आकडे मोजत होते, वीस की बावीसला असं जाणवलं की काहीतरी सुटतंय, आवाज नाही, धक्का नाही, फक्त कातडी खाली बसली आणि चिमट्याच्या टोकाला ती लटकलेली, पाय हलवत, तोंडाला पांढरट कातडीचा एक कण. लेक म्हणाली, झालं? दुखलंच नाही.

बाबा तिथे असते तर म्हणाले असते, आता श्वास घे.

पिळून, गोल फिरवून काढू नये असं डॉक्टर सांगतात ते चिमट्यासाठी. बाजारात एक छोटं प्लॅस्टिकचं हुकसारखं साधन मिळतं, कुत्र्यांसाठी घेतात लोक, त्याच्या फटीत गोचीड सरकवून हळूच फिरवायचं असतं, त्याची रचनाच तशी आहे. रीलमधला साबणाचा कापूस मात्र वेळ घालवणं. आणि जंगलात आहात, चिमटा नाही, काहीच नाही, तर टिश्यू किंवा पान मधे धरून बोटांच्या टोकांनी कातडीला लागून धरायची आणि तसंच सरळ ओढायची, किंवा शिवायचा दोरा मुळाशी सैल गाठ मारून आवळून वर खेचायचा. वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं. चिमटा नाही म्हणून रात्रभर तशीच ठेवणं चूक, वेळ जेवढा जास्त तेवढा धोका जास्त.

काढल्यावर पुढचा तमाशा. काकांनी हात पुढे केला, दे इकडे, दगडावर चिरडतो. गावात सगळे तेच करतात, नखानं नाहीतर दगडानं, पच्च, आणि रक्त बोटावर. हे कधीच करू नका. जे अंगात नको म्हणून आपण एवढा खटाटोप केला तेच फुटलेल्या गोचिडीतून बोटावर घ्यायचं, आणि बोटाला बारीकशी चीर असली की झालं. कुत्र्याच्या, गाईच्या गोचिडीही अशा फोडू नयेत. मी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं स्पिरिट घालून तिच्यात टाकली. चिकटपट्टीत दोन्हीकडून चिकटवून टाकली तरी चालते, फ्लश केली तरी चालते. मी बाटली ठेवली, कारण पुढे ताप आला तर डॉक्टरना दाखवता येईल. चावल्याची जागा साबण-पाण्यानं धुतली, स्पिरिट लावलं, स्वतःचे हात धुतले, चिमटा पुसला. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली लिहिलं, कान, गोचीड.

तारीख का, तर माकडताप.

गोव्याबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसांना ताप यायला लागला, तेव्हा हा व्हायरस पहिल्यांदा सापडला, म्हणून क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, केएफडी. बरीच वर्षं तो कर्नाटकातच होता. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात रुग्ण सापडले, आणि पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गात. तेव्हापासून आमच्याकडे काजूचा सीझन म्हटला की हा शब्द कानावर पडतोच. मावशीकडे त्या वर्षी बागेत जायला माणसं मिळेनात हे मला आठवतंय, बोंडवांचा वास यायला लागला होता नुसता.

गंमत म्हणजे, गंमत कसली, योगायोग म्हणा, की रोग पसरवणाऱ्या गोचिडीचा मधला टप्पा, म्हणजे ना अंड्यातून आलेलं पिल्लू ना पूर्ण वाढलेली, ती तिळाएवढी असलेली, हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जास्त असते, आणि लाकूडफाटा, पातेरा, काजू यासाठी माणूस रानात जातो तोही त्याच दिवसांत. माणसाला बहुतेक वेळा हीच बारीक चावते. आपण गाईच्या पोटाला लटकलेली चिंचोक्याएवढी फुगलेली बघून घाबरतो, तिचं तर पोट भरलंय, ती आता कोणाला चावायला जाणार नाही.

चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत एकदम कडक ताप, कपाळ फुटेल असं डोकं, अंग इतकं दुखतं की हलवत नाही, उलट्या, काहींना हिरड्यांतून, नाकातून रक्त. बहुतेक लोक एक-दोन आठवड्यांत बरे होतात, पण शंभरातले तीन ते पाच दगावतात. काहींना मधे बरं वाटून तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप उलटतो, तेव्हा डोकं, मान, हात थरथरणं अशी लक्षणं. म्हणून मी एकवीस दिवस मोजते. यावर नेमकं मारणारं औषध नाही, सलाईन, रक्तस्राव सांभाळणं, लक्ष ठेवणं हेच. जुनी एक लस होती, अनेक डोसांची, पण तिचा परिणाम पुरेसा दिसेना म्हणून आता ती देत नाहीत. माणसापासून माणसाला होत नाही, त्यामुळे कोणाला झाला तर त्याला वाळीत टाकायची गरज नाही, हे मुद्दाम लिहितेय.

आता नेटवर तुम्ही वाचाल की गोचीड २४ तासांच्या आत काढली तर काळजी नाही. हे मीही वाचून निश्चिंत झाले होते. पण ते अमेरिकेतल्या लाइम नावाच्या आजाराबद्दल आहे, त्याचे जंतू गोचिडीच्या पोटात असतात आणि तिथून लाळेत यायला त्यांना वेळ लागतो. व्हायरसचं तसं गणित नसतं, तो लाळेत आधीच असू शकतो. त्यामुळे आपल्याकडे २४ तासांचा हिशोब डोक्यातून काढून टाका, दिसली की काढा. ते गोल लाल चट्टा येतो का बघा, टार्गेटसारखा, तेही लाइमचंच. तो नाही आला म्हणून सुटलो असं इकडे होत नाही.

पण घाबरून जायचं कारण नाही, हेही खरं. प्रत्येक गोचिडीत व्हायरस नसतो, गावातल्या लोकांना सीझनमधे डझनांनी चावतात आणि काही होत नाही. फक्त ताप आला तर डॉक्टरना पहिल्या वाक्यात सांगायचं, मला अमुक तारखेला गोचीड चावली होती आणि मी सत्तरीत काजूच्या बागेत होते. आपल्याकडे ताप म्हटला की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो हीच रांग लागते, आणि तुम्ही बोलला नाहीत तर केएफडीची टेस्ट कोणाच्या डोक्यातही येणार नाही. तोपर्यंत पॅरासिटामॉल सोडून मनानं दुसरी पेनकिलर घ्यायची नाही, रक्तस्रावाचा आजार असला तर ती महागात पडते. आणि बागेत माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, हात लावायचा नाही, आरोग्य केंद्राला कळवायचं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून तिथेच पातेऱ्यात पसरतात. खात्याची माणसं येऊन आजूबाजूला पावडर मारतात ती त्यासाठीच.

लेकीची गोचीड काढून झाल्यावर मी जाहीर केलं, आता सगळ्यांची तपासणी. कोणाला पटलं नाही, दादा तर म्हणाला, आम्हाला सवय आहे. तरी बसवलं एकेकाला. कुठे बघायचं तर जिथे कातडी मऊ, घडी पडते, कपडा आवळतो. कानामागे, केसांत, काखेत, बेंबीत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, जांघेत, गुडघ्याच्या मागे, पायाच्या बोटांच्या मधे. डोळ्यांपेक्षा बोटं बरी, हळू हात फिरवला की खडा लागतो. गोचीड झाडावरून अंगावर पडते असं सगळे म्हणतात पण ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या, पानाच्या टोकाला चढते, मागचे पाय रोवते आणि पुढचे पाय पसरून उभी राहते, लिफ्ट मागणाऱ्या माणसासारखी. तुमचा पाय घासून गेला की चढली. मग वर वर चालत जाते, मान-कानापर्यंत. म्हणून खालूनच अडवायची, फुल पॅन्ट, मोज्यात खोचलेली, फिका रंग म्हणजे चढताना दिसते. आरोग्य खात्याकडून अंगाला लावायचं तेल मिळतं कर्नाटकात, डेपा म्हणतात त्याला, डीआरडीओनं काढलेलं. बागेतून आल्यावर दोन तासांच्या आत आंघोळ केली तर अजून न रुतलेल्या वाहून जातात. कपडे खुंटीला अडकवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायचे नाहीत (काका, तुम्हीच), गरम पाण्यात टाकायचे, मग आमचं मार्चचं ऊन आहेच.

तर तपासणीत निकाल असा. दादा, "आम्हाला सवय आहे"वाला, त्याच्या गुडघ्यामागे एक, चांगली फुगलेली, दोन दिवसांची तरी. काकांकडे काही नाही, याचं त्यांना फार कौतुक. आणि भाच्याच्या, त्या रीलवाल्याच्या, घोट्यावर मोजता येणार नाहीत अशी बारीक ठिपक्यांची रांगोळी, मोहरीच्याही शतांश, चालणारी. ही अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, यांना पाय सहाच असतात आणि ती झुंडीनं एकाच पानावर बसलेली असतात, त्या पानाला पाय लागला की सगळी अंगावर. त्यांना चिमट्यानं काढत बसलात तर दुसरा शिगमो येईल. चिकटपट्टी घ्यायची, पॅकिंगची जाड, दाबून लावायची आणि उचलायची, पुन्हा नवीन तुकडा. सहा-सात तुकड्यांत घोटा साफ. केसही गेले थोडे, तो ओरडला, वहिनी म्हणाली फुकटात वॅक्सिंग झालं.

दादाची काढताना मात्र मी चिमटा त्याच्याच हातात दिला, वहिनीला भिंग. मला प्रत्येक वेळी येता येणार नाही, म्हटलं शिका. त्यानं पहिल्यांदा दाबला, टोकं सटकली. दुसऱ्यांदाही. मिट, दाबू नको, मी बाबांच्याच आवाजात सांगत होते आणि मलाच हसू येत होतं. तिसऱ्यांदा बसला. हात वळवून स्वतःच्या गुडघ्यामागे बघत ओढायचं म्हणजे कसरत, शेवटी वहिनीनंच घेतला आणि तिनं मात्र एका दमात काढली, तोंडासकट. ती शाळेत पोरांना शिवणकाम शिकवते, हाताला सवय.

मावशी या सगळ्या वेळात पायरीवर चुन्याची डबी हातात घेऊन बसलेली. रुसली होती थोडी. मी तिला भिंग दिलं, बाटलीतली गोचीड दाखवली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, गो, हिका दात आसात मगो. म्हटलं दातच ते, उलटे, म्हणून चुन्यानं सुटत नाही. तिनं डबी उघडली, त्याच चुन्याचा विडा लावला आणि तोंडात टाकला.

चिमटा तिथेच ठेवून आले. बाबांना सांगितलं नव्हतं, घरी आल्यावर सांगितलं, तर पाच मिनिटं बोलले नाहीत, मग म्हणाले, कापडात गुंडाळून ठेवतात ना? ओलसर हवा आहे तिकडे, गंजेल. मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, अगं ठेवलाय नीट, फक्त आई काल त्यानं माशाचे काटे काढत होती, तिला सांगितलंय मी.

बाबांना हे सांगितलेलं नाही. लेकीचा आज नववा दिवस, ताप नाही, कानामागे एक लाल टिकली आहे ती खाजते म्हणते. बारा दिवस अजून.